दारू उतरल्यावर

"ही दारू चढलेली नाही, उतरतेय," सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या. "यात माणूस जाऊही शकतो."

खाटेवर माझा धाकटा भाऊ संजय होता. हात बेडीने खाटेला अडकवलेला, शेजारी पोलीस शिपाई. आजाराचं नाव अल्कोहोल विथड्रॉवल. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की मेंदू बिथरतो. हात थरथरतात, भास होतात, फिट येते.

संजय सिन्नरला कारखान्यात फिटर आहे. नाशिकमध्ये एका बारमध्ये हाणामारी केली म्हणून त्याला अटक झाली. कोठडीत टाकण्याआधी वैद्यकीय तपासणी झाली. "रोज घेता का?" या प्रश्नावर त्याने "कधीतरी" असं सांगितलं. कोठडीत पहिल्या रात्री त्याला कुशीवर झोपवलं, पट्टा काढून घेतला, पहाऱ्यावरचा शिपाई अधूनमधून हाक मारून पाहत होता. पिऊन आलेल्या माणसासाठी करायचं ते सगळं केलं. सकाळी तो शुद्धीवर होता. कोर्टाने पोलीस कोठडी दिली. धोका टळला असं सगळ्यांना वाटलं, मलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन ठाण्यात गेले. तो अंगावरच्या मुंग्या झटकत होता. अंगावर एकही मुंगी नव्हती.

"नाटकं करतोय," शिपाई म्हणाला.

"साहेब, हा रोज पितो. सकाळपासून लागते त्याला," मी सांगितलं.

तिथले एक वयस्क हवालदार गजांजवळ आले. संजयचा हात धरून पाहिला. "लय घाम सुटलाय. हे नाटक नाय. गाडी काढा."

गाडीतच त्याला फिट आली.

मग सलाईन, झोपेची इंजेक्शनं, थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. मी वॉर्डाबाहेर बाकावर बसून असायचे. काही दिवस तो मला ओळखत नव्हता. एका सकाळी म्हणाला, "ताई, तू जेवलीस का?" तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

तुमच्या घरात ही वेळ आली, तर माणूस रोज पितो का, शेवटची कधी घेतली, हे ठाण्यात आणि डॉक्टरांना लगेच सांगा. लाजू नका. नशा उतरली म्हणून निर्धास्त होऊ नका. पुढचे दोन-तीन दिवसच जपायचे असतात.

त्या हवालदारांना मी नंतर भेटून आले. "ड्युटी होती, ताई," एवढंच ते म्हणाले.

संजय आता जामिनावर आहे. औषधं चालू आहेत. खटल्याचं काय होईल माहीत नाही. तारखेला मी त्याच्यासोबत जाते. पुकारा झाला की तो उठून उभा राहतो आणि "हजर" म्हणतो.