अर्ध्या तिकिटाचा बिल्ला

काकीच्या गळ्यात पितळी बिल्ला आला त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं, ते वर्षभर दुखतच होतं. लपवून काय करू? मी जळत होते. बिल्ल्यावर जळत होते, काकीवर जळत होते, आणि काकीची पोरगी, म्हणजे माझी चुलत बहीण, तिच्यावर तर सगळ्यात जास्त.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. आमचं गाव मूल या बाजारगावापासून बरंच आत, जंगलाला लागून. दिवाळी झाली, नाल्यांचं पाणी उतरलं की एका खाजगी मालकाची मोटार गावावरून मूलला जायला लागायची, आणि पाऊस आला की बंद व्हायची. त्या साली आमच्या तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेनं ठरवलं की म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना मोटारीचं अर्धंच तिकीट पडेल, उरलेलं अर्धं जनपद मालकाला भरून देईल. ज्याला सवलत त्याला पितळी बिल्ला. बिल्लेवाल्यासोबत एक माणूस चालेल, त्यालाही अर्धंच तिकीट.

आता म्हातारं कोण, हे ठरवायचं कसं? जन्मसाल कोणाला माहीत होतं आमच्याकडे! जनपदच्या साहेबानं आपल्या डोक्यानं तोड काढली. चिंचेखाली बाजेवर बसून तो प्रत्येक बाईला एकच विचारायचा, "मोठ्या दुष्काळात तुमचं लग्न झालेलं होतं का?" झालं असेल तर पन्नास वर्षांमागच्या त्या दुष्काळातच बाई जाणती पोर असणार, म्हणजे आता साठी ओलांडलेली, असा त्याचा हिशोब. कुठल्या मुलखातून आला होता कोण जाणे! आमच्याकडे तेव्हा पाळण्यातल्या पोरींना बाशिंग बांधत. काकीचं लग्न तर तिच्या मायच्या मांडीवर दूध पिता पिता लागलेलं.

काकी म्हणाली, "झालं होतं." मिळाला बिल्ला. माझी माय म्हणाली, "नाई." नाही मिळाला.

आणि माय काकीहून चांगली मोठी! दोघी जावा एकाच गावच्या लेकी. काकी रांगत होती तेव्हा मायनं तिला काखेत घेऊन गावभर फिरवलेलं. मी पुढं होऊन म्हटलं, "साहेब, माही माय मोठी हाये. तिचे गुडघे पाहा." साहेब म्हणाला, गुडघे दुखणं अपंगात धरत नाहीत. लोक हसले. काकी मान खाली घालून बिल्ला चोळत बसली. तिनं एक शब्द बोलायचा होता ना! पण नाही. मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोलले.

मायला बिल्ला मिरवायला नको होता. मूलला तिचा धाकटा भाऊ राहायचा, धानाच्या गिरणीत हमाल होता. मामी आधीच वारली होती, आणि बिल्ले यायच्या आधीच्या उन्हाळ्यात मामाला लकवा मारला. एक बाजू गेली, बोलणं गेलं. शेजारी खायला द्यायचे, पण हा तोंड घट्ट मिटून घ्यायचा. आम्ही एकदा पूर्ण तिकीट काढून गेलो. मायनं पेज चमच्यानं भरवली तर वाटीभर प्याला. परत आल्यावर माय म्हणाली, "आठवड्यातून एक डाव जरी गेली तरी जगते तो." पण दर आठवड्याला दोघींचं पूर्ण तिकीट कुठून आणायचं? खाचरात आमचं पोटापुरतं पिकायचं. बैलगाडीच्या धक्क्यांनी मायचे गुडघे सुजायचे, आणि सुगीत बैल तरी कुठं मोकळे असतात!

काकी मात्र दर बाजाराला मूलला. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिला अडवणारं कोणी नव्हतं. सोबत तिची लेक. ही बया परत आली की हातभर नव्या बांगड्या खळखळ वाजवत आमच्या ओट्यावर यायची. "आज गरम जिलबी खाल्ली व," म्हणायची. मी म्हणायची, "मंग मी काय करू? नाचू?" आणि ती गेली की मी चुलीवर राग काढायची.

एका बाजाराला ती आली नि माझ्या मायला म्हणाली, "मोठी माय, मामा आता आमच्या मायच्या हातूनच खाते. आली दिसली का बाई, बाई करते. तेवढाच शब्द फुटते त्याले." आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

मायच्या हातात सूप होतं. ती पाखडायची थांबली. वर्षभर मी जळत होते तेव्हा हीच मला दटावत होती, "काऊन दुसऱ्याच्या ताटात पाह्यतं व पोरी?" आणि आता तिचाच चेहरा काळाठिक्कर पडला. "मले बाई म्हणे तो," एवढंच म्हणाली, आणि इतक्या जोरानं पाखडायला लागली की कोंड्याबरोबर दाणेही उडाले. खरं सांगते, मला बरं वाटलं. जळायला घरात सोबत झाली.

पुढच्या दिवाळीनंतर साहेब पुन्हा चिंचेखाली बसला. माझे बाबा पारावर बिडी ओढत होते. माय लंगडत पुढं गेली. तोच प्रश्न आला. माय म्हणाली, "झालं होतं."

"मागच्या वर्षी तर नाही म्हणालात, बाई."

"मागल्या साली लाज वाटली. औंदा नाई वाटत."

मग ती सांगायला लागली, सगळ्या गावासमोर. दुष्काळाच्या आधी, ती परकरीही नव्हती तेव्हा, तिचं लग्न लागलं होतं. नवरा पोरगेलाच होता. दुष्काळात तो मेला. "यायच्या घरी मी पाटाची आली," तिनं बाबांकडे हात केला. पाटाची म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्या जातीत चालायचं, पण पाटाच्या बाईला लग्नकार्यात मागं ठेवायचे. तेव्हा मला उमगलं की हळदीकुंकवात उखाण्याची वेळ आली की माय भांडी घासायला का उठायची. पोटच्या पोरीला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

"पहिल्या नवऱ्याचं नाव?" साहेबानं विचारलं.

आमच्या बायका उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मेले तरी घेत नाहीत. मायनं मान वर केली आणि त्या पोराचं नाव खणखणीत घेतलं. म्हणाली, "तोंड नाई आठवत त्याचं. नाव तेवढं आठवते."

साहेबाला अजून पटत नव्हतं. तेव्हा मागून काकी बोलली, "खरं हाये साहेब. आमच्याच गावची गोष्ट हाये." म्हणजे काकीला सगळं ठाऊक होतं. वर्षभर मी तिला शिव्या घातल्या, आणि ती मायची लाज राखत तोंड दाबून बसली होती! मला तिचा आणखीच राग आला. इतकं चांगलं असायचं काय कारण होतं तिला?

मायच्या गळ्यात बिल्ला पडला. पण घरी बाबांनी तोंड फुगवलं. जेवताना ताट पुढं सरकवलं. "त्याचं नाव घेतलं," म्हणाले. "भर चिंचेखाली घेतलं. माहं तं इतक्या वर्षांत एक डाव नाई घेतलं."

"अवो, तो लेकरू होता. मेला बिचारा."

"मेला तरी त्याचंच नाव याद हाये ना!"

आता मायचाही पारा चढला. कुवाऱ्या माणसाला विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात, बाबांचंही लागलं होतं. माय म्हणाली, "तुमची पहिली बायको तं रुई. आजबी बांधावर हाये. मी जळली का कधी तिच्यावर?" मला हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत. म्हातारा माणूस एका मेलेल्या पोरावर जळत होता. मोटारीचा दिवस येईपर्यंत ते मायशी बोलले नाहीत.

त्या दिवशी गाठोडं मात्र बाबाच घेऊन आले. मोटारीत ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून उभे राहिले. काकी आधीच पुढच्या बाकावर बसली होती. या खेपेला पोरगी घरी होती, तिला पाहुणे पाहायला येणार होते. माय काकीशेजारी खिडकीशी बसली, मी मागं.

"अवो," माय म्हणाली. बाबा हलले नाहीत. "अवो, आयकलं का?" नाहीच. ड्रायव्हरनं मोटार चालू केली.

मायनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि बाबांचं नाव घेऊन हाक मारली. पूर्ण नाव, त्यांच्या बापाच्या नावासकट. मोटारीतली माणसं माना वळवून पाहायला लागली. एका बाईनं कपाळावर हात मारून घेतला. बाबा गरकन वळले आणि गुडघ्यांवरचं धोतर सावरत खिडकीशी धावत आले.

"काय झालं व? काय झालं?"

"काई नाई," माय म्हणाली. "बैलाले पाणी दाखवजा."

मोटार सुटली. काकी हातातल्या बिल्ल्याकडे पाहत होती. मला वाटलं आता ती मायची थट्टा करेल. ती म्हणाली, "मलेबी येते व नाव घेता. पण मी हाक मारली तं वळून पाह्यते कोण?"

मी मागं वळून पाहिलं, बाबा अजून रस्त्यातच उभे होते.