उजव्या कानाचं मशीन

आईचा उजवा कान लहानपणीच गेलेला. गावी कान वाहायचा, कोणी लक्ष दिलं नाही. तिचं सगळं आयुष्य डाव्या कानावर चाललं, आणि मागच्या वर्षी तोही कमी होऊ लागला. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मशीन लावावं लागेल. रिक्षात बसल्यावर आई मला म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही."

डोंबिवलीत आम्ही दोघीच राहतो. आई संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. बाबा गेल्यानंतर ती उठून उभी राहिली ती या मुलांमुळे. त्यामुळे शिकवणी बंद पडली तर तिचं काय होईल, याचा विचार मी अर्ध्यावरच सोडून द्यायचे.

मुलांना सगळं आधी कळतं. ती पाढे म्हणताना मध्येच सिनेमाचं गाणं घुसवायला लागली आणि आई "शाब्बास, पुढे" म्हणायला लागली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. मग एका मुलीच्या आईचा मेसेज आला, की परीक्षेपर्यंत आम्ही तिला क्लासला घालतोय. आईने तो वाचला आणि म्हणाली, "त्यांचं घर लांब पडतं." ते समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात.

दुकानात जाऊन मशीन घ्यायला आई तयार नव्हती, ओळखीचं कोणी बघेल म्हणून. मी ऑनलाइन मागवलं. डाव्या कानाचं मागवलं होतं, कंपनीने उजव्याचं पाठवलं. आईने तरी ते उलटंसुलटं करून डाव्या कानात बसवायचा प्रयत्न केला. कान लाल झाला. कंपनीवाले बदलून देऊ म्हणाले, पण आधी हे त्यांच्याकडे पोहोचायला हवं.

पार्सल आईने बांधलं. आमच्या घरात कुठलंही खोकं फेकत नाहीत, माळ्यावर एकात एक घालून ठेवलेली असतात. मशीन आलं ते नवं, कडक खोकं आईने बटणं-दोऱ्यांसाठी काढून घेतलं, आणि मशीन माळ्यावरच्या एका जुन्या खोक्यात घातलं. पिकअपवाला आला, त्याने वर कंपनीच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवली, फोटो काढला आणि गेला. त्यानंतर त्या पार्सलचा पत्ताच लागेना.

फोनवर बोलणं मी शक्यतो टाळते. शाळेत वक्तृत्वाच्या दिवशी मी हमखास आजारी पडायचे. आमच्याकडे भांडायचं काम आईचं. आधी दिवा स्टेशनजवळ राहायचो तेव्हा टँकरवाल्याला तिने असं झापलं होतं, की तो नंतर कायम आमच्या बिल्डिंगपासून सुरुवात करायचा. आता फोन मला करावा लागत होता. काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहायचे. आई समोर बसून माझ्या ओठांकडे बघायची आणि हाताने खूण करायची, मोठ्याने बोल.

"मॅडम, आयटम वेअरहाउस में रिसीव नहीं हुआ है."

"लेकिन आपका आदमी लेके गया."

"हां मॅडम, पिकअप दिखा रहा है. रिसीव नहीं दिखा रहा."

"तो बीच में कहां गया?"

"मॅडम, आप थोडा वेट कीजिए."

प्रत्येक वेळी आवाज वेगळा असायचा आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. एकदा मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "बघतायत." तिला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. मी नुसती मान हलवली, आणि तिने ती होकार समजून आनंदाने डाळ धुवायला घेतली.

तोवर आणखी दोन मुलं शिकवणी सोडून गेली. कंपनीचा मेल आला, की आमच्या बाजूने पिकअप पूर्ण आहे, तक्रार बंद करत आहोत. पुरावा म्हणून पिकअपवाल्याने काढलेला फोटो जोडला होता.

तो फोटो मी ऑफिसात पाहिला. आमच्या दारातली फरशी, तिच्यावर खोकं, वर पांढरी नवी चिठ्ठी. तिचा एक कोपरा तेव्हाच सुटलेला दिसत होता. मी फोटो मोठा केला. खोक्याच्या बाजूला एक जुनी, पिवळट चिठ्ठी होती. आईचं नाव, आणि खाली आमचा दिव्याचा पत्ता.

दिव्याची भाड्याची खोली सोडून आम्हाला बराच काळ झाला होता. मी हाफ डे टाकून निघाले. आमच्या जुन्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या काकूंच्या दारात ड्रम भरत होते आणि त्या पाइप धरून उभ्या होत्या. मला बघून त्यांनी मान फिरवली.

"काकू, आमचं एखादं पार्सल..."

"आलंय. ते टीव्हीखाली ठेवलंय बघ." त्यांनी पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. "कंटाळला तो पोरगा जिने चढून. म्हटलं दे इकडे, आमचीच माणसं आहेत ती. केली सही."

खोकं तिथेच होतं. वरची चिठ्ठी गळून गेली होती, नुसता गोंदाचा चौकोन राहिला होता. मी ते दोन्ही हातांनी धरून तशीच बसले.

"कळवायचं तरी होतं, काकू."

"कळवायचं होतं?" काकू आत आल्या. "अगं, लगेच फोन केला तुझ्या आईला. पार्सल आलंय, घेऊन जा म्हटलं. हो हो म्हणाली, बरं आहे म्हणाली, आणि ठेवला फोन. परत केला, तेच. आणि त्याच्या आधी माझी सासू गेली ते सांगायला केला, तर म्हणते कशी, छान झालं, या एकदा घरी."

मी खोकं मांडीवर ओढलं.

"मीपण म्हटलं, फ्लॅटमध्ये गेली बाई. दिव्याची माणसं कशाला लागतात आता."

कुणाला सांगायचं नाही, हे आईचं वाक्य माझ्या डोक्यात होतं. मी खोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काकू, आईला ऐकू येत नाही. फोनवर तर अजिबात नाही. कोणीही काहीही बोललं की ती हो हो म्हणते. या खोक्यात तिचं कानाचं मशीन आहे."

काकू खाली बसल्या. बाहेर ड्रम भरून पाणी वाहायला लागलं तरी उठल्या नाहीत. "मेली," त्या म्हणाल्या, "मला सांगायचं ना. मी ओरडून बोलले असते की."

तिथूनच मी कंपनीला फोन लावला. माझ्याकडे कागद नव्हता. पार्सल माझ्या हातात आहे म्हटल्यावर पलीकडचा माणूस क्षणभर थांबला.

"मतलब मॅडम, सामान आपके पास ही था?"

माझे कान गरम झाले. एवढे दिवस हेच ऐकायची भीती होती, की मलाच चोर ठरवतील. काकू हाताने विचारत होत्या, काय म्हणतो, काय म्हणतो.

"मेरे पास नहीं था," मी म्हणाले. "आपकी चिठ्ठी गिर गयी, और आपके आदमी ने पुराने पते पे डिलिवर किया. दिवा ईस्ट. यहां पडोसी की साइन है. आप देखिए. मैं होल्ड करती हूं, फोन नहीं रखूंगी."

"जरा आवाज चढव," काकू म्हणाल्या.

मी आवाज चढवला. फोनवर गाणं सुरू झालं आणि बराच वेळ वाजत राहिलं. मग तो परत आला. आवाज मऊ झाला होता. डिलिवरी दिख रही है, मॅडम, म्हणाला. पुन्हा पिकअप लावतो, तक्रार उघडतो, डाव्या कानाचं पाठवतो. मी त्याच्याकडून सगळं मेलवर लिहून घेतलं आणि मेल दिसल्यावरच फोन ठेवला.

घरी आले तेव्हा शिकवणीला वेळ होता. आईला समोर बसवून सावकाश सगळं सांगितलं. मशीन सापडलं म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. मग मी काकूंच्या फोनचं सांगितलं. सासूबाईंचंही सांगितलं, लपवावंसं वाटत होतं तरी.

आईने स्वतःचा मोबाइल उचलून त्यातली नावं वर-खाली केली. मग म्हणाली, "आणखी कुणाकुणाला काय काय म्हटलं असेल मी?"



मुलांना सोडायला आया आल्या तेव्हा आई दारात उभी राहिली. मला वाटलं नेहमीसारखी हसेल. ती म्हणाली, "मला नीट ऐकू येत नाही. मशीन येतंय, पण अजून आलं नाही. पटत नसेल त्यांनी मुलांना घेऊन जा, मला राग नाही." तिचा आवाज गरजेपेक्षा खूप मोठा होता. जिन्यातली सगळी दारं किलकिली झाली. एकीने मुलीचा हात धरला, "सांगते हं बाई, घरी विचारून," म्हणाली आणि खाली उतरली. ती मुलगी परत आली नाही.

बाकीची मुलं चपला काढून आत आली. आईने त्यांना भिंतीकडून उठवून आपल्या डाव्या हाताला, जवळ जवळ बसवलं. मी स्वयंपाकघरात गेले नाही. त्यांच्या मागे, आईला माझे ओठ दिसतील अशी, त्यांच्याबरोबर पाढे म्हणायला जमिनीवर बसले.