शवासनातला नियम

शाळेत पीटीच्या बाई सूर्यनमस्कार घालायला लावायच्या, तेव्हा मला शेवटचं शवासन तेवढं आवडायचं. काही न करता पडून राहायचं आणि त्याला व्यायाम म्हणायचं! पुढे मुलगी झाल्यावर कंबर धरली, तेव्हा पुन्हा सतरंजी अंथरली. पण शवासनापर्यंत पोचायच्या आत पाळण्यातून रडं ऐकू यायचं.

तिसऱ्यांदा सुरुवात केली ती नवरा निवृत्त झाल्यावर. आम्ही सुकापूरला राहायला आलो होतो आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी योगवर्ग भरायचा. नवरा आधी कुरकुरला, मग माझ्याआधी चटई काखेत मारून दाराशी उभा राहू लागला. वर्गाचा एक लाडका नियम होता. शवासनात कुणाला झोप लागली तर त्याला उठवायचं नाही. बाकीच्यांनी चवड्यांवर बाहेर पडायचं, चहा घ्यायचा आणि तो डोळे चोळत आला की त्याची टर उडवायची.

त्या दिवशी नवरा उठला नाही. सरांनी ओठांवर बोट ठेवलं, आम्ही बाहेर आलो. त्याला काय चिडवायचं हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. मग हॉल झाडायला गेलेल्या बाईची किंकाळी ऐकू आली.

भेटायला आलेला जो तो म्हणे, "किती भाग्याचं मरण!" एकेकाचं थोबाड फोडावंसं वाटायचं. भाग्य कसलं डोंबलाचं? माणूस जात होता आणि आम्ही पाय न वाजवता चहाला निघून आलो.

पुढे गुडघे आखडले, मुलगी फोनवर रोज टोचू लागली, म्हणून पुन्हा वर्गाला गेले. आसनं जमली. शवासनाला मात्र मी बसून राहायची, ओळीनं पडलेल्यांची पोटं हलताना बघत. डोळे मिटायची भीती वाटायची. शेजारच्या चटईवरची बाई, इथल्याच गावातली, हे रोज बघत होती. एकदा हळूच म्हणाली, "तुमी पडा. मी जागी हाय."

मी पडले. कितीतरी दिवसांनी खांदे सैल झाले.

मग घोरणं ऐकू आलं. उठून बघते तर तीच झोपली होती. बाकीचे चटया गुंडाळून चवड्यांवर निघाले होते. सरांनी सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. ती घोरतेय म्हणजे जिवंत आहे, हे मला कळत होतं. तरी मी तिला गदागदा हलवून जागं केलं.