आक्काबाईंचा अंगारा

सावळीराम ड्रेसर सातवी नापास होता, पण जखमेचा वास घेऊन तो जे सांगे, तेच तीन दिवसांनी लॅबच्या कागदावर छापून येई. द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, तो वीस वर्षं पट्ट्या बदलत होता. चिकटलेली पट्टी कोरडीच ओढणाऱ्यांचा त्याला भारी राग. आधी ती सलाईनने भिजवायची, हळूच सोडवायची आणि नवी बांधायची तीही सैल. "नवी कातडी कडेकडेनं रांगत येते," तो नर्सबायांना दटावी, "तिला ओरबाडू नका."

२००३च्या उन्हाळ्यात बयाबाई आली. घरची फुलशेती, हार ओवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नघरी तेलाची कढई नेमकी त्याच उजव्या हातावर कलंडली. दहा दिवस जखम छान लाल होत गेली. सावळीराम मनातून फुशारला होता. अकराव्या दिवशी पट्टी हिरवट ओली निघाली आणि गोडसर वास आला. त्याने लगेच डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

सुवर्णा डॉक्टरीणबाईंनी बयाबाईला समजेल असं सांगितलं. "जंतूंनी जखमेवर चिकट पांघरूण घेतलंय, औषध आत पोचत नाही. त्यांना मारायला तुमच्याच रक्तातल्या पेशी येतात, घाण विरघळवणारा रस सोडतात. जंतू संपले की त्या थांबतात. पण इथं ते संपत नाहीत, म्हणून तोच रस आता नवं मांसही खातोय. शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही, तर दोन बोटं काढावी लागतील."

 बयाबाई नुसती बोटांकडे बघत राहिली.

संध्याकाळी पट्टी भिजवताना सावळीरामला आतल्या कापडावर करडी राख दिसली. खाटेशी बसलेल्या सासूने, आक्काबाईंनी, मान खाली घातली.

"वणीच्या देवीचा अंगारा हाय, दादा. परवाधरनं रोज चिमूटभर. तुमची पट्टी सैल, बोटानं आत सरकवला. लय भीती वाटत होती वो."

तो ओरडणारच होता, पण 'सैल' हा शब्द ऐकून थांबला. दुखू नये म्हणून त्यानेच तर वाट मोकळी ठेवली होती. तो तडक सुवर्णा मॅडमकडे गेला. "चूक माझीपण आहे," म्हणाला. त्याला फार लाज वाटली.

मग दिवसातून दोनदा ते चिकट पांघरूण खरवडून काढणं सुरू झालं. बयाबाई पदर दातात धरून सोसायची. पट्टी आता नीट बसेल अशी बांधली जाई. अंगाऱ्याची पुडी त्याने उशाखाली ठेवायला लावली. "देवीला काय उशीखालून दिसत नाही, मावशी?" आक्काबाईंना ते पटलं.

शुक्रवारी वास गेला होता. पुढे मांडीची कातडी हातावर लावली, ती धरली. बोटं राहिली.

घरी जायच्या दिवशी बयाबाईने चारही बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवून दाखवली. करंगळीला वेळ लागला, पण टेकली. आक्काबाईंनी उशाखालची पुडी काढली, सावळीरामचा हात हातात घेतला.

"इथं लावला तर चालंल का, दादा?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी त्याच्या पाचही बोटांना अंगारा लावला. पुढचा पेशंट थांबला होता, हात धुणं भाग होतं. आयुष्यात पहिल्यांदाच सावळीरामला नळापर्यंत जायला उशीर झाला.