न मागितलेली काठी

अन्याय झाला तो आमच्या मागच्या गल्लीतल्या अक्कांवर. शहाण्णव साली, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या बैठकीत. बंगळूरजवळच्या येलहंक्यात, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. मारणारे माझे बाबा.

बाबा झेन ध्यानाची बैठक घ्यायचे. सगळे भिंतीकडे तोंड करून बसत आणि बाबा काठी घेऊन मागून फिरत. काठी त्यांनीच सिल्व्हर ओकच्या फळीतून काढलेली. मूठ गोल, पुढचं टोक चपटं. ते टोक पातळ असावं लागतं, म्हणजे आवाज होतो, इजा होत नाही. बाबांनी ते जाड ठेवलं. म्हणे, पातळ केलं तर तुटेल. नियम मात्र साधा होता: झोप आवरेना झाली की बसणाऱ्यानं हात जोडायचे, मान तिरकी करायची, मगच खांद्यावर काठी.

अक्का नर्स होत्या, रात्रपाळी संपवून थेट आलेल्या. त्यांना डुलकी लागली. हात मांडीवरच होते. तरी काठी बसली, तीही हाडावर.

"स्वल्प हळू की, अण्णा!" अक्का म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. रिवाजाप्रमाणे दोघं एकमेकांना नमस्कार करत होते. अक्कांचा तो नमस्कार आठवला की आजही माझी मान वर होत नाही.

चहाच्या वेळी त्यांनी कप डाव्या हातानं धरला.

"काय अक्का, आली ना जाग?" बाबा म्हणाले. सगळे हसले.

"आली की. रात्रभर जागीच होते, आता कुठं डोळा लागला होता."

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मी त्याच घरात बसून पोलिसांच्या लाठीमाराच्या निषेधाची पत्रकं लिहीत होते! बाबांना म्हटलं, "जा, माफी मागा." तर ते रंधा घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत टोक तासलं, पॉलिश पेपर मारला, जवसाचं तेल चोळलं. मग काठी घेऊन अक्कांच्या दारात. मागे मी.

"बघा, किती हलकी झाली! आता लागायची नाही."

अक्कांनी काठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"सरी, ठीक आहे, अण्णा. छान झालीय. पण मी मागितली कुठं होती?"

काठी परत देऊन त्या आत गेल्या. बाबा काठी घेऊन घरी आले. ती काठी अजून आमच्या घरात आहे. माफी अजून मागितलेली नाही.

तुमच्या बैठकीत अशी काठी असेल, तर समोरच्यानं हात जोडल्याशिवाय ती उचलू नका. आधीच उचलली असेल, तर रंधा शोधत बसू नका. त्या दारात रिकाम्या हातानं जा आणि माफी मागा.