बोलायला मनाई असलेलं दुकान

जालना स्टेशनावर अण्णांनी माझ्या हातात एक पुरचुंडी दिली आणि माझ्या नवऱ्याने, विलासने, ती लगेच काढून घेऊन त्यांना परत केली. आत आमच्या रानातल्या मिरचीचं बी होतं.

"अण्णा, विमानात बियाणं नेऊ देत नाहीत. पकडतात," विलास म्हणाला.

"बियाण्याच्या कंपनीकून चालले, अन् बियाणंच नेता येत न्हाई?" अण्णा म्हणाले. "मंग जाऊन काय करनार पाव्हणे तिथं?"

सगळे हसले. माय तेवढी हसली नाही. गाडी हलली तेव्हा अण्णा डब्याच्या बाजूने चालत काहीतरी ओरडत होते. त्यांचा आवाज मोठा. पिंपळगाव रेणुकाईला आमच्या बांधावरून त्यांनी हाक मारली की पलीकडच्या वस्तीवरून ओ यायची. पण त्या दिवशी इंजिनाने भोंगा दिला आणि ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. विलास जालन्यात भाजीच्या बियाण्यांच्या कंपनीत होता. तिथून त्याला जपानमधल्या एका कंपनीत दोन वर्षांसाठी पाठवलं. दोनाची चार झाली, चाराची किती झाली ते आता आम्ही मोजत नाही. नागोयापासून तासाभरावरच्या एका लहान शहरात आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं. मी बीएस्सी झालेली, जालन्यात एका शाळेत शिकवत होते. तिथे गेल्यावर मला दुकानात मीठ कुठलं आणि साखर कुठली हे वाचता येईना.

पण मला खरी भीती वाटली ती शांततेची. आमच्या घरात कुणी हळू बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पिठाची गिरणी शेजारी, मिरचीच्या बाजाराच्या दिवशी दारातून टेम्पो, त्यावर आवाज चढवूनच बोलायचं. इथे भिंती कागदासारख्या पातळ, आणि तरी पलीकडच्या माणसाचं खोकणंही ऐकू येत नसे. पहिल्याच आठवड्यात मी कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला शेजारीण दारात आली आणि कमरेत वाकून माझीच माफी मागायला लागली. नंतर उमगलं की ती मला आवाज बंद करायला सांगत होती. त्या दिवसापासून मी वरण पातेल्यात शिजवायला लागले. फोनवरही पुटपुटत बोलायची सवय लागली. रविवारी गावाकडे बसस्टँडजवळच्या एसटीडीवर अण्णा, माय आणि माझा धाकटा भाऊ दत्ता येऊन बसायचे. अण्णा जपानपर्यंत आवाज पोचवायची जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या गळ्यावर असल्यासारखे ओरडायचे, आणि मी म्हणायची, "हळू बोला अण्णा, ऐकू येतंय."

पहिल्या हिवाळ्यात जपानी शिकायच्या वर्गावरून परतताना मला थंडी सहन होईना. गल्लीत तळघराकडे जाणारा एक जिना होता आणि वर कॉफीच्या कपाचं चित्र. मी खाली उतरले. दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. पत्र्याच्या शेडमध्ये कुणी लोखंडी सळयांचा भारा ओतावा तसा ड्रम, आणि त्यावर एक सॅक्सोफोन. तो वाजत नव्हता, किंचाळत होता. आत पाचसहा माणसं डोळे मिटून बसलेली. मला वाटलं मशीन बिघडलंय आणि कुणाला बंद करायचं सुचत नाहीये.

दुकानाचे मालक मोरिता-सान साठीचे होते, पांढरे केस मानेपर्यंत वाढवलेले. मी कॉफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे दाखवलं. संगीत चालू असताना बोलायला मनाई. अशा दुकानाला तिकडे किस्सा म्हणतात. ज्या किस्स्यात एक शब्द बोलायचा नाही तो कसला किस्सा, असं मला वाटलं आणि मी मनात हसले. किती दिवसांनी हसले होते.

ते संगीत मला आवडलं म्हणून मी पुन्हा गेले नाही. त्या शहरात ती एकच जागा होती जिथे मला जपानी येत नाही हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. तिथे कुणीच बोलत नव्हतं. मी बोट दाखवायची, कॉफी यायची, मी बसायची.

मोरिता-सानकडे भिंतभर रेकॉर्ड होत्या. उजवीकडे जाझ, डावीकडे रॉक, बहुतेक सगळं जपानी, त्यांच्या तरुणपणातलं. मला आधी डावी भिंत कळायला लागली. त्यातलं एकेक गाणं रेकॉर्डची आख्खी बाजू चालायचं. ऑर्गनवर एकच सुरावट फिरत राहायची आणि अचानक ताल तुटून सात मात्रांत जायचा. मी टेबलाखाली बोटांवर मोजायची, चुकायची, पुन्हा धरायची. उजव्या भिंतीला वेळ लागला. त्या लोकांनी ताल टाकून दिला होता, सूरही टाकून दिला होता. मग उरलं काय, असं मी एकदा दुकान बंद व्हायच्या वेळी मोडक्या जपानीत विचारलं. छातीवर हात ठेवून मोरिता-साननी एक मोठा श्वास घेतला आणि सोडला. म्हणाले, "हे."

एकदा विलासला घेऊन गेले. एक बाजू त्याने मुकाट ऐकली. जिना चढून वर आल्यावर म्हणाला, "आपल्या एमआयडीसीत हे फुकट ऐकायला मिळतं. स्टीलच्या मिलच्या दारात उभं राहायचं फक्त." तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. पाचवा महिना चालू असताना एका रविवारी फोनवर अण्णा नव्हते. "शेतात गेलेत," दत्ता म्हणाला. पुढच्या रविवारी, "आत्ताच गेल्ते गं अक्का, बराबर तुझा फोन यायच्या वक्ताला." मग भोकरदनला गेलेत, मग केदारखेड्याला आत्याकडे. मी रुसले. लेकीला मूल होणार आणि बापाला फोनपाशी बसवत नाही म्हणजे काय? मी मायला म्हटलं, "अण्णांना सांग, मी कट्टी आहे." माय म्हणाली, "सांगते."

रेणू झाली. सव्वा महिना झाला. एका रविवारी सकाळी विलासने उठून आधी दोन्ही खोल्यांच्या खिडक्या लावून घेतल्या, मग माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "शोभा, अण्णा गेले."

मी विचारलं, "कुठे?"

मिरचीच्या वाफ्यात पाणी देताना छातीत कळ आली होती. जालन्याला न्यायला जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोटुशी, परक्या देशात एकटी, म्हणून मला सांगायचं नाही असं घरात ठरलं. विलासला त्याच दिवशी ऑफिसात फोन आला होता. म्हणजे तो घरी येऊन माझ्याशेजारी जेवला होता. माझ्या रुसण्यावर "असतील कामात" म्हणाला होता.

"तुला माहीत होतं?" मी म्हटलं. तोवर मी त्याला कायम अहो-जाहो करत आले होते. त्या दिवशी तोंडून 'तू' निघालं आणि मग ते मागे फिरलं नाही.

तो रडत होता. मला रडू येईना. खिडक्या लावलेल्या, पलीकडे ती वाकून माफी मागणारी शेजारीण, मांडीवर रेणू. आमच्याकडे असं रडत नाहीत. आमच्याकडे माणूस गेलं की बाहेरगावची लेक वेशीपासून हंबरडा फोडत येते. तिचा आवाज ऐकून घरातल्या बाया आतून आवाज चढवतात, आणि दारात गळ्यात गळे पडले की त्या आवाजात कोण कोणाचं रडतंय ते उरत नाही. त्या रडण्यात गेलेल्याशी भांडणही असतं. मला वेस नव्हती, दार नव्हतं, ओ देणारं कुणी नव्हतं. पाचसहा महिन्यांपूर्वीचं मरण, शिळं झालेलं. मी उठून भात लावला.

नंतरच्या शनिवारी रेणूला विलासपाशी ठेवून मी मोरिता-सानच्या दुकानात गेले. त्यांनी उजव्या भिंतीतली एक रेकॉर्ड लावली होती. एक ड्रम, एक सॅक्सोफोन आणि एका बाईचा आवाज. शब्द नव्हते. ती आधी लहान लेकरासारखी कुरकुरली, मग तिचा आवाज घशातून खाली पोटात गेला आणि तिथून जो वर आला तो मी ओळखला. सॅक्सोफोनने तिला ओ दिली. ती थांबली की तो चढायचा, तो दमला की ती उचलायची. मला समोर आमचं दार दिसलं, दारातल्या बाया दिसल्या.

मी ओरडले. "अण्णा" म्हणून ओरडले, बोलायला मनाई असलेल्या त्या दुकानात. एकाही माणसाने मान वळवली नाही. मोरिता-सान जागेवरून उठले, मला वाटलं आता बाहेर काढतील. त्यांनी आवाजाचं बटण फिरवलं आणि संगीत आणखी मोठं केलं. ती बाजू संपली तशी त्यांनी दुसरी लावली. माझा गळा बसेपर्यंत ते रेकॉर्डपाशीच उभे राहिले.

मी बरी झाले असं मात्र नाही. दर शनिवारी जायला लागले. घरीही हेडफोनवर तेच. विलास म्हणायचा, "लहान मूल आहे घरात. हे असलं ऐकून तुझं डोकं ठिकाणावर राहणार नाही." मी म्हणायची, "तू मला काय ऐकवायचं आणि काय नाही हे ठरवून झालंय एकदा." मग दोनदोन दिवस अबोला. दत्ताशी तर मी वर्षभर बोलले नाही. आमच्या घरात तेव्हा इतकी शांतता असायची की शेजारणीला कौतुक वाटावं.

रेणू चालायला लागल्यावर आम्ही पहिल्यांदा पिंपळगावला गेलो. वेशीत फोडायचा हंबरडा मी वाटभर धरून ठेवला होता. वेशीतून जीप आत आली तर पोरं क्रिकेट खेळत होती. दारात माय हसत उभी, नातीसाठी भाकरतुकडा घेऊन. दुखवटा कधीच सरला होता. मी हंबरडा फोडला असता तर ते वेड्यासारखं दिसलं असतं. मी चहा प्यायले.

दोन दिवस धीर धरला आणि तिसऱ्या दिवशी मायवर तुटून पडले. "का नाही सांगितलं मला?"

"पोटात लेकरू व्हतं तुझ्या. सांगून काय केलं असतं तू? आली असती उडून?"

"रडले तरी असते."

"अन् पोटातलीला काय झालं असतं मंग? म्या नवरा घालवला व्हता, नात बी घालवू?"

तिला माझ्याकडे बघवेना. विलास रेणूला घेऊन जालन्याला त्याच्या घरी गेला होता, दत्ता बाजारात. दुपारी माय ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसली आणि मी दत्ताच्या टेपरेकॉर्डरवर मोरिता-सानने भरून दिलेली कॅसेट लावली. तिला ऐकवायला नाही. मला तिथे दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

ती बाई कुरकुरायला लागली. माय खुडत राहिली. मग आवाज पोटातून वर आला आणि मायचे हात थांबले.

"कोन गेलं गं हिचं?"

मी म्हटलं, "माहीत नाही. गाणं आहे ते, जपानी."

"गानं न्हाई हे," माय म्हणाली. "नवरा न्हाई हिचा गेला. नवऱ्याला बाई आसं नाही रडत, लोकं बघत आसतात. बाप गेला आसंल."

आणि मग तिने मला तो दिवस सांगितला. अण्णा सकाळी काय जेवले, पाण्याची पाळी कुणाची होती, बारं धरून वाफ्यात पाणी सोडताना ते कुठे खाली बसले, कुणी पाहिलं, जीप का उशिरा आली. टेप चालू होती. सांगता सांगता मायचा आवाज चढला आणि मी तिच्या गळ्यात पडले. आम्ही दोघी मिरच्यांच्या ढिगात बसून मोठ्याने रडायला लागलो, आणि टेपमधली तिसरी.

आवाज ऐकून शेजारच्या बाया धावत आल्या. "काय झालं? कोन गेलं?"

"शोभाचे अण्णा गेले," माय म्हणाली.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने हळूच विचारलं, "अगं, त्याला तर दीड वरीस झालं ना?"

"आपल्याला झालं," माय म्हणाली. "तिच्यासाठी आज गेले."

त्या बाया ओसरीवर बसल्या, पदर तोंडाला लावले आणि माझ्याबरोबर रडल्या. दत्ता बाजारातून आला, दारात उभा राहिला आणि तिथेच खाली बसला. कुणीतरी टेप बंद केली, तोवर तिची गरज उरली नव्हती.

विलासचं आणि माझं अजूनही पूर्ण सरळ झालेलं नाही. तो कामावरून नेहमीपेक्षा लवकर आला की आजही मी आधी त्याचा चेहरा बघते. मोरिता-सान वारले, त्यांचं दुकान गेलं. रेणू शाळेत जाते, माझ्या जपानीला हसते, आणि मी उजव्या भिंतीतलं काही लावलं की कानात बोटं घालते. तुम्ही जे गावाकडे राहिलात ते आम्हाला सांभाळायचं म्हणून गप्प राहता. आम्ही जे निघून आलो तेही फोनवर "सगळं बरं आहे" एवढंच म्हणतो. मीही मायला माझ्या घरातल्या अबोल्याबद्दल कधी सांगितलं नाही. दोन्हीकडून इतकं सांभाळलं जातं की कोण कुठे पडलंय ते कुणालाच कळत नाही.

मागच्या महिन्यात मी पोळ्या करत असताना दत्ताचा मोबाईलवरून फोन आला. रविवार नव्हता. त्याने कशी आहेस असंही विचारलं नाही.

"अक्का, मायला डाव्या डोळ्यानं दिसना झालंय. डॉक्टर म्हन्ले ते वापस येत न्हाई."

मागून मायचा आवाज आला, "सांगू नको म्हन्लं व्हतं ना तुला! तिकडं एकटी बसून रडती ती!"

"सांगितलं बी," दत्ता म्हणाला.

मग दोघं भांडायला लागले. माय त्याला शिव्या देत होती, तो तिला आवाज चढवून उत्तरं देत होता. फोन बंद करायचं दोघांच्याही ध्यानात नव्हतं. तव्यावरची पोळी करपली. मी कणकेच्या हाताने फोन कानाला धरून उभी राहिले, रडत होते आणि मधेच दत्ताला म्हणत होते, "अरे तिला बोलू दे, तिला बोलू दे." तेवढा वेळ मी घरी होते.