सात आणि अकरा

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर माझ्या अक्षराला आणि चुकांना हसू नका. चौथीपर्यंतच शिकले.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. चाकणला माझ्याच कंपनीत मापं तपासायचे. आता पेटीवर गणिताने बंदिशी बांधतात. आकड्यात कुणाचं ऐकत नाहीत. टाकीच्या मापावरून सगळ्या सोसायटीशी भांडलेत.

नव्या बंदिशीत पेटीची ओळ अकरा मात्रांची, तबला सातचा. या दोन्हींना एकाच आकड्याने भाग जात नाही, म्हणून सत्त्याहत्तर मात्रा झाल्यावरच दोघं समेवर भेटतात. तबलजी सारखा चुकायचा. शेवटी, "काका, हे गाणं नाही, पाढे आहेत," म्हणून निघून गेला. कार्यक्रम चार दिवसांवर होता.

काका माझ्या दारात आले. "ताई, तुम्ही गप्पा मारत सात-सात बेअरिंग ट्रेमध्ये भरता. टाळीने सात तुम्हीच धरा."

"लोकांसमोर नाही जमायचं, काका."

"मग बंदिश पेटीतच राहील."

मी गेले. सभागृहात खाली बघून दर सातला टाळी देत राहिले. शेवटी काका समेवर आले आणि माझी टाळी एक मात्रा मागून पडली. सगळे माझ्याकडे बघून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी भाता सोडला. "ताईंचं बरोबर आहे. एक मात्रा मी खाल्ली," ते मोठ्याने म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्या वेळी पेटीची सम आणि माझी टाळी एकदम पडली. लोकांनी "वा!" म्हटलं, तेव्हा काकांनी माझ्याकडे हात केला.